हिशेब न जुळणारे खेळणे

आमच्या गावच्या जत्रेत पत्र्याची एक होडी मिळायची. पोटात बोटाएवढी वात, वर एक चपटी डबी आणि डबीतून निघून मागे पाण्यात उतरलेल्या दोन बारीक नळ्या. नळ्यांत पाणी भरायचे, वात पेटवायची आणि होडी परातीत सोडायची. मिनिटभर काहीच व्हायचे नाही. मग एकाएकी फट् फट् फट् करीत ती परातीच्या कडेकडेने फिरू लागायची. तेल संपले की थांबायची. आमच्या लहानपणी वाफेच्या इंजिनाचे यापेक्षा स्वस्त रूप दुसरे नव्हते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातवासाठी अशीच एक होडी हाती लागली. ती कशी चालते हे सांगता सांगता मी नेहमीच्या वाटेने जेम्स वॉटच्या किटलीपर्यंत पोहोचलो. वाफेने झाकण उडाले, वॉटने ते पाहिले आणि इंजिनाचा शोध लागला. नातवाने सरळ विचारले की झाकण उडताना तर आजी रोज पाहते, मग तिने इंजिन का नाही काढले? स्वयंपाकघरातून उत्तर आले की आजीला ते झाकण धरून ठेवण्यातच वेळ पुरत नाही. हसण्यावारी गेले, पण प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. निवृत्त माणसाला वेळ असतो. मी वाचायला बसलो, आणि लक्षात आले की आम्हा सगळ्यांना शाळेत शिकवलेली ती किटली जवळजवळ निरुपयोगी आहे. वॉटच्या आयुष्यात वाफेचे खरे दार उघडले ते एका बिघडलेल्या खेळण्याने.

(थोरामोठ्यांना अहो-जाहो करायची आपली रीत. पण हा गृहस्थ पाचवी-सहावीपासून आपल्याला एकेरीतच भेटत आला आहे, तेव्हा मीही तसेच लिहितो.)

वॉटचा जन्म १९ जानेवारी १७३६ चा, स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक या बंदराच्या गावचा. वडील जहाजांची कामे करणारे, जहाजाला लागणारे सामान विकणारे व्यापारी. मुलगा सदा आजारी, डोकेदुखीने हैराण, त्यामुळे शाळा तुटक. पण वडिलांच्या कामाच्या जागी त्याला स्वतःचे छोटे टेबल आणि हत्यारे मिळाली होती आणि तिथे तो जहाजाच्या उपकरणांच्या छोट्या प्रतिकृती करीत बसे. पुढे आई गेली, वडिलांचा व्यापार बसला. १७५५ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, तो गणिती उपकरणे बनवण्याचे काम शिकायला लंडनला गेला. या धंद्यात उमेदवारी सात वर्षांची. वॉटकडे ना तेवढी वर्षे होती, ना तेवढे पैसे. अखेर एका कारागिराने वीस गिनी घेऊन वर्षभर शिकवायचे कबूल केले. त्या काळी लंडनच्या रस्त्यांवरून तरुणांना पकडून आरमारात भरती करीत, म्हणून हा भित्रा मुलगा संध्याकाळी बाहेरसुद्धा पडत नसे. वर्षभर त्याने नुसती हत्यारे चालवली. तब्येत पार ढासळली, पण हात तयार झाला.

परत आल्यावर ग्लासगो शहरात दुकान थाटणे सोपे नव्हते. तेव्हा एक योग आला. जमैकात पैसा कमावलेल्या एका व्यापाऱ्याने आपली खगोलशास्त्राची उपकरणे ग्लासगो विद्यापीठाला ठेवली होती. (हा पैसा ऊसमळ्यांवर राबणाऱ्या गुलामांच्या घामाचा. त्या काळच्या ग्लासगोची बरीचशी श्रीमंती याच वाटेने आली, आणि वॉटच्या घरचा व्यापारही त्यापासून अलग नव्हता.) समुद्रप्रवासात खराब झालेली ती उपकरणे साफसूफ करायचे काम वॉटला मिळाले आणि १७५७ मध्ये विद्यापीठाने आपल्याच आवारात त्याला एक खोली दिली. ना प्राध्यापक, ना विद्यार्थी, एक दुरुस्ती करणारा कारागीर. पण त्या खोलीत हळूहळू विद्वानांचा अड्डा जमू लागला. रसायनशास्त्राचा जोसेफ ब्लॅक येई, जॉन रॉबिसन नावाचा हुशार विद्यार्थी येई. पोटासाठी वॉट चौकोन, होकायंत्रे आणि बासऱ्यासुद्धा बनवून विकत असे.

आता त्या खेळण्याकडे वळू. वाफेचे इंजिन वॉटने शोधले नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. थॉमस न्यूकमेन या लोखंडाच्या व्यापाऱ्याचे इंजिन १७१२ पासून इंग्लंडमधल्या खाणींचे पाणी उपसत होते. त्याची रचना अशी: उभे सिलिंडर, आत दट्ट्या आणि दट्ट्याला साखळीने जोडलेली एक मोठी आडवी तुळई, आमच्याकडच्या ओकतीसारखी. दट्ट्याखाली वाफ भरायची, मग आत थंड पाण्याचा फवारा मारायचा. वाफेचे पाणी झाले की तेवढी जागा रिकामी होते आणि बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला खाली रेटतो. तुळईचे दुसरे टोक वर जाते आणि खाणीतले पाणी ओढते. म्हणजे काम करते ती हवा. वाफेने फक्त जागा अडवायची आणि वेळ झाली की नाहीसे व्हायचे.

या इंजिनाची एक छोटी प्रतिकृती विद्यापीठाच्या भौतिकशास्त्राच्या वर्गात दाखवण्यासाठी होती. सिलिंडर दोन इंच व्यासाचे, दट्ट्याची धाव सहा इंच, बॉयलर किटलीएवढा. ती नीट चालत नव्हती. दुरुस्तीला लंडनच्या एका नामांकित कारागिराकडे गेली होती आणि तिथेच पडून होती. ती परत आणण्यासाठी विद्यापीठाने १७६० मध्ये दोन पौंडांपर्यंतचा खर्च मंजूर केल्याची नोंद आहे. (अशी व्हाउचरे वाचताना आमच्यासारख्यांना कादंबरीपेक्षा जास्त रस येतो, हे कबूल करतो.) १७६३-६४ च्या हिवाळ्यात प्राध्यापक अँडरसन यांनी ती वॉटच्या खोलीत आणून ठेवली.

वॉटने ती दुरुस्त केली. कुठे गळत होते ते बंद केले, तोट्या बदलल्या. यंत्र सुरू झाले, चार-सहा हेलकावे घेतले आणि थांबले. बॉयलर त्या चिमुकल्या सिलिंडरला पुरून उरेल एवढा दिसत होता, तरी वाफ पुरेना. दुसरा कोणी असता तर त्याने मोठा बॉयलर बसवून बिल लावले असते. वॉटला मात्र प्रश्न पडला की एवढी वाफ जाते कुठे?

माझी सगळी नोकरी बँकेत गेली. संगणक येण्याआधी दिवसअखेर खाती हाताने जुळवावी लागत. कधी फरक निघे सात रुपये वीस पैशांचा. काहीजण ती रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून सहाची गाडी पकडत. पण प्रत्येक शाखेत एखादा असा असे, की ज्याला ते सात रुपये झोपू देत नसत. तो दिवे लावून सगळी पाने पुन्हा चाळायचा. सहकारी वैतागायचे, घरचे वाट पाहायचे. वॉट या जातीचा होता.

त्याने वाफ मोजायला घेतली. पाण्याची वाफ झाली की ती किती जागा व्यापते? उत्तर आले, सुमारे अठराशे पट. मग प्रत्येक हेलकाव्याला किती वाफ खर्ची पडते? ते सिलिंडरच्या मापापेक्षा कितीतरी पट जास्त निघाले. फरक कुठे मुरत होता, ते स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने सांगतो. समजा, एखादीने प्रत्येक भाकरी उतरवली की तापलेला तवा गार पाण्यात बुडवला आणि पुढच्या भाकरीसाठी तो पुन्हा तापवायला घेतला. चार भाकऱ्यांत सरपण संपेल. न्यूकमेनचे इंजिन नेमके हेच करीत होते. थंड फवाऱ्याने वाफेबरोबर सिलिंडरही गार होई आणि पुढची बरीचशी वाफ ते पुन्हा तापवण्यातच विरून जाई. चार भागांतले सुमारे तीन भाग असे वाया जात. खाणीवरच्या मोठ्या इंजिनात हा तोटा झाकला जाई, कारण खाणीवर कोळशाला तोटा नव्हता. खेळणे मात्र लहान आणि पितळी. वाटीतला चहा पातेल्यातल्या चहापेक्षा लवकर निवतो, तसा लहान सिलिंडरचा पृष्ठभाग त्याच्या पोटाच्या मानाने मोठा. म्हणून मोठ्या यंत्रात पन्नास वर्षे न दिसलेली गळती खेळण्यात उघडी पडली.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट त्याला आढळली. थोडीशी वाफ गार पाण्यात सोडली, तर ती आपल्या वजनाच्या सहापट पाणी उकळीला आणते. त्याला काही कळेना. तो ब्लॅककडे गेला. ब्लॅक ज्याला सुप्त उष्णता म्हणत होता आणि वर्गात शिकवत होता, तीच ही. कारागीर खालून आणि प्राध्यापक वरून एकाच जिन्यावर येऊन भेटले.

वर्ष गेले. याच सुमारास, १७६४ मध्ये, वॉटचे लग्न झाले, पेगी या त्याच्या नात्यातल्याच मुलीशी. लाकडी सिलिंडर करून पाहिले, जवसाच्या तेलात मुरवून भाजलेले, उष्णता कमी खावी म्हणून. जमले नाही. कारण अडचण मुळातच परस्परविरोधी होती. वाफ वाचवायची तर सिलिंडर कढत हवे, आणि वाफेचे पाणी करायचे तर तेच सिलिंडर गार हवे.

१७६५ च्या वसंतातल्या एका रविवारी दुपारी तो ग्लासगोच्या ग्रीन नावाच्या मोठ्या कुरणावर फिरायला गेला. तिथे गावच्या बायका धुणी धुवायला येत, त्यासाठी बांधलेले एक घर होते. ते मागे टाकून गुराख्याच्या झोपडीपर्यंत जातो न जातो तोच त्याला सुचले की वाफ ही लवचीक वस्तू आहे, रिकाम्या जागेकडे ती आपणहून धावेल. मग सिलिंडरला जोडून दुसरे भांडे का ठेवू नये? वाफेला तिकडे पळू द्यावे, तिचे पाणी तिथे करावे. ते भांडे कायम गार आणि सिलिंडर कायम गरम. झोपडी ओलांडून तो फार पुढे गेला नसेल, तोवर सगळी रचना मनात उभी राहिली होती. पण दिवस रविवारचा. स्कॉटलंडमध्ये त्या दिवशी हत्याराला हात लावणे पाप. सोमवार उजाडेपर्यंत त्याला थांबावे लागले.

सोमवारी त्याने शरीरशास्त्राच्या शिक्षकांकडे असते तशी पितळी पिचकारी सिलिंडर म्हणून घेतली, पावणेदोन इंच व्यासाची, दहा इंच लांब. तिला पत्र्याच्या नळ्यांचे गार भांडे आणि हवा काढायला एक छोटा पंप जोडला. दट्ट्याला अठरा पौंडांचे वजन टांगले. झडप उघडली, वाफ पळाली आणि वजन वर आले. ज्याला आपण वॉटचे इंजिन म्हणतो ते एवढेसे, हातात मावणारे. विद्यापीठाने मूळ प्रतिकृतीच्या दुरुस्तीचे वॉटचे बिल १७६६ मध्ये चुकते केले: ५ पौंड ११ शिलिंग.

शाळेतली गोष्ट इथे संपते. माझ्या मते खरी गोष्ट इथे सुरू होते, कारण या पिचकारीपासून खाणीवर चालणाऱ्या पहिल्या इंजिनापर्यंत अकरा वर्षे गेली.

दोन इंचांत जमलेले अठरा इंचांत जमेना. त्या काळी अचूक गोल सिलिंडर कोणाला करताच येत नव्हते. दट्ट्या आणि भिंत यांत फट राही आणि तिथून वाफ निसटे. न्यूकमेनच्या यंत्रात दट्ट्यावर पाणी ओतून फट बुजवत. वॉटला ते चालणार नव्हते, कारण पाण्याने सिलिंडर गार झाले असते. मग बूच, तेलकट चिंध्या, कागदाचा लगदा, जुन्या हॅटचे तुकडे असे काय काय कोंबून झाले. पैसे संपले. ब्लॅकने उसने दिले. पुढे जॉन रोबक या कारखानदाराने वॉटचे हजार पौंडांचे कर्ज अंगावर घेतले आणि बदल्यात शोधातला दोन-तृतीयांश वाटा घेतला. जानेवारी १७६९ मध्ये पेटंट मिळाले, पण पेटंटाने चूल पेटत नाही. घर चालवायला वॉट कालव्यांच्या मोजणीची कामे घेऊ लागला. पावसापाण्यात, डोंगरदऱ्यांत, दुखऱ्या डोक्याने. इंजिन महिनोन् महिने तसेच पडून राही.

सप्टेंबर १७७३ मध्ये तो उत्तरेकडे अशाच एका कालव्याच्या पाहणीवर असताना निरोप आला की पेगी अत्यवस्थ आहे. बाळंतपणाचे दिवस होते. तो पावसातून, वाईट रस्त्यांनी घराकडे निघाला. पोहोचला तेव्हा ती गेलेली होती. मूलही वाचले नाही. मागे दोन लहान मुले. या सगळ्या वर्षांत खचलेल्या नवऱ्याला धीर देत आली ती हीच बाई. इंजिन चालल्याचे तिने कधी पाहिले नाही.

त्याच वर्षी रोबकचे दिवाळे निघाले. मालमत्तेची यादी झाली तेव्हा धनकोंनी इंजिनातल्या वाट्याची किंमत शून्य धरली. अपवाद एक, बर्मिंगहॅमचा मॅथ्यू बोल्टन. रोबककडे त्याचे बाराशे पौंड येणे होते. त्याने रोकड मागितली नाही, ते शून्य मागितले. वसुलीचे इतके चांगले प्रकरण मी तरी माझ्या नोकरीत पाहिले नाही.

१७७४ मध्ये वॉट बर्मिंगहॅमला गेला आणि चित्र पालटले. जॉन विल्किन्सनने तोफा कोरण्यासाठी काढलेली नवी पद्धत सिलिंडरला लागू पडली. पन्नास इंचांचे सिलिंडर, आणि चूक कुठेही जुन्या शिलिंगच्या जाडीपेक्षा जास्त नाही. मार्च १७७६ मध्ये टिप्टनजवळच्या ब्लूमफील्ड कोळसा खाणीवर ते इंजिन लोकांसमोर चालू झाले.

बोल्टनने विक्रीची जी रीत बसवली, तिच्यापुढे मी टोपी काढतो. गिऱ्हाइकाने सुटे भाग घ्यायचे, उभारणीचा खर्च करायचा, आणि जुन्या इंजिनाच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एक-तृतीयांश कंपनीला द्यायचा. यात लबाडी नको म्हणून तुळईवर हेलकावे मोजणारे यंत्र, कुलूपबंद पेटीत. कॉर्नवॉलच्या तांब्याच्या खाणींना कोळसा बाहेरून आणावा लागे, म्हणून सर्वांत जास्त गिऱ्हाइके तिथली आणि सर्वांत जास्त कुरकुरही तिथलीच. वॉटला या वसुलीचा मनस्वी तिटकारा. हिशेबाचा वाद मिटवण्यापेक्षा तोफेच्या तोंडी उभे राहणे त्याला सोपे वाटे. वाफेचा थेंबन् थेंब मोजणारा हा माणूस पैशांपुढे बावरत असे. पत्रांच्या नकला करून हात दुखतो म्हणून त्याने नकला काढायचे दाबयंत्र केले, तर खोट्या सह्यांच्या भीतीने आधी नाके मुरडली ती बँकवाल्यांनी! पुढे २०११ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने पन्नास पौंडांच्या नोटेवर बोल्टन आणि वॉट या दोघांना शेजारी शेजारी बसवले. ती नोट २०२२ मध्ये चलनातून गेली. आणि बोल्टनच्या सोहो कारखान्यातली नाणी पाडायची यंत्रे तर दोघांच्या पश्चात, १८२० च्या दशकात, जहाजाने आपल्या मुंबईच्या टाकसाळीत आली. फोर्टमधल्या त्या इमारतीवरून मी वर्षानुवर्षे कामाला गेलो, मला पत्ता नव्हता.

यापुढचे सगळे आपल्याला ठाऊक आहे. दट्ट्याला दोन्ही बाजूंनी वाफ, चाक फिरवणारी रचना, वेग आवरणारा गव्हर्नर. घोड्याच्या कामाशी तुलना करून त्याने ठरवलेली अश्वशक्ती आपण अजून मोटारीच्या जाहिरातीत वाचतो.

पण एक गोष्ट मला खटकते. त्यांच्याच कंपनीत विल्यम मर्डॉक नावाचा गुणी माणूस होता. कॉर्नवॉलमधली इंजिने तोच सांभाळी. १७८४ च्या सुमारास त्याने घरी फूटभर उंचीची, तीन चाकांची वाफेची गाडी केली, आणि ती धावली. सांगतात की अंधाऱ्या गल्लीतून फुसफुसत येणारी ती आग पाहून गावच्या पाद्र्याला साक्षात सैतान आल्यासारखे वाटले. हे वॉटच्या कानावर गेले. त्याने बोल्टनला लिहिले की याला या नादापासून आवरा. जास्त दाबाच्या वाफेला तो भीत असे, आणि चांगला माणूस खाणीवरून जाईल ही धास्तीही होती. पेटंट घ्यायला निघालेल्या मर्डॉकला बोल्टनने वाटेतून परत पाठवले. खेळण्यानेच ज्याचे नशीब उघडले, त्याने दुसऱ्याच्या खेळण्यावर झाकण ठेवले. १८०० पर्यंत वॉटचे पेटंट होते, आणि तोवर दुसऱ्या कोणालाही या वाटेने फारसे पुढे जाता आले नाही.

मी वॉटला नावे ठेवायला मोकळा नाही. १९८० च्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी शाखा सांभाळत होतो. लेथवर काम करणारा एक तरुण पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या यंत्राची पत्र्याची प्रतिकृती घेऊन आला. माझ्या टेबलावर मूठभर शेंगा टाकून त्याने हँडल फिरवले. टरफले एकीकडे, दाणे दुसरीकडे, चार-पाच दाणे फुटलेले. मी तारण विचारले, हमीदार विचारला. दोन्ही नव्हते. नियमाने माझे काही चुकले नाही. शिवाय, नोकरी सोडू नकोस, असा सल्लाही मी दिला. टेबलावरचे दाणे त्याने पिशवीत भरले आणि तो गेला. पुन्हा आला नाही. आज वाटते की ते फुटलेले दाणे का फुटले, एवढे तरी मी विचारायला हवे होते.

१८०० मध्ये पेटंट संपले आणि वॉटने धंदा मुलांच्या हाती देऊन अंग काढून घेतले. बर्मिंगहॅमजवळ हीथफील्ड येथे त्याचे मोठे घर होते. या काळात तो समाधानी होता, पण घर रिकामे होत गेले होते. दुसऱ्या पत्नीपासून झालेली मुलगी जेसी १७९४ मध्ये क्षयाने गेली. १८०४ मध्ये ग्रेगरी गेला, सत्तावीस वर्षांचा, तोही क्षयानेच. हा मुलगा बुद्धीने तेजस्वी आणि बापाचा लाडका होता.

घराच्या माळ्यावर वॉटने एक खोली कामासाठी घेतली होती. उतरते छप्पर, एक खिडकी, शेगडी, लेथ. तिथे तो पुतळ्यांच्या हुबेहूब, हव्या त्या मापाच्या नकला कोरणारे यंत्र करीत बसे. त्या नकला मित्रांना भेट देई. जेवणाला खाली उतरायचा कंटाळा आला, तर शेगडीवरच काहीतरी गरम करून घेई. २५ ऑगस्ट १८१९ रोजी, त्र्याऐंशीव्या वर्षी, तो गेला. घरच्यांनी ती खोली जशीच्या तशी बंद केली. १९२४ मध्ये तिच्यातल्या हजारो वस्तू लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये हलवल्या. त्यांत हत्यारे आहेत, प्लास्टरचे चेहरे आहेत, बाटल्या आणि बासऱ्यांचे तुकडेही आहेत. आणि लेथवरून हात पोहोचेल इतक्या जवळ एक ट्रंक होती, ग्रेगरीच्या शाळेच्या वह्या-पुस्तकांची.